जुन्या गिटारीचा आवाज आणि लाकडातले पाणी

कोल्हापुरात जुन्या वाद्यांचा विषय निघाला की "लाकूड मुरले की आवाज खुलतो" हे वाक्य हमखास ऐकू येते. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये मंगळवार पेठेतील एका स्नेह्यांकडे त्यांच्या वडिलांची पन्नास वर्षांपूर्वीची गिटार पाहायला गेलो, तेव्हा तीही याच विश्वासाने कपाटातून बाहेर काढली गेली. प्रत्यक्षात खर्जाची जाड तार छेडल्यावर आवाज दबका आला आणि लगेच विझला.

वाद्य जरा जवळून पाहिले. घोडीच्या (तारा जिच्यावर टेकतात त्या लाकडी पट्टीच्या) मागच्या कडेखाली साध्या कागदाची पट्टी नखभर आत सरकत होती. तबलीवर, म्हणजे गिटारीच्या पुढच्या पातळ फळीवर, घोडीच्या मागे, पोलादी पट्टी आडवी ठेवली तर ती मधल्या फुगवट्यावर डुलत होती. दांडीवरच्या बाराव्या पडद्यापाशी (आडव्या धातूच्या पट्टीपाशी) जाड तारेची उंची अडीच मिलिमीटरच्या आसपास असावी, ती येथे चार भरली. एवढ्या खुणांवरून निदान करता येते, पण त्यासाठी लाकूड आणि पाणी यांचे नाते समजून घ्यावे लागते.

लाकूड प्रामुख्याने सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन यांचे बनलेले असते. यांपैकी हेमिसेल्युलोजला पाण्याची ओढ सर्वाधिक असते आणि काळाच्या ओघात सर्वांत आधी विघटन होते तेही त्याचेच. त्यामुळे जुने लाकूड हवेतील ओलावा कमी शोषते, त्याच्या आतील घर्षण घटते आणि तारेने दिलेली ऊर्जा उष्णतेत वाया न जाता अधिक काळ कंपनांत टिकते. म्हणजे मुरण्याच्या कल्पनेत तथ्य आहे, मात्र लाकडात काही भर पडत नसून त्यातून काहीतरी कमी होत असते. हाच परिणाम साधण्यासाठी आज अनेक कारागीर प्राणवायू जवळपास नसलेल्या भट्टीत, २०० अंश सेल्सिअसच्या आसपास, तबलीचे लाकूड काही तास भाजून घेतात.

आता फुगवट्याकडे येऊ. माझ्या मते गिटारीतील सर्वांत सुंदर भौतिकशास्त्र येथेच आहे. हवेची सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असताना लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ९ टक्के पाणी असते आणि आर्द्रता ८० टक्के झाली की ते १६ टक्क्यांपर्यंत चढते. पंचगंगेला पूर येतो त्या दिवसांत कोल्हापूरची हवा ८० टक्क्यांच्याही वर असते. पाण्यामुळे लाकूड त्याच्या रेषांच्या (तंतूंच्या) दिशेने जवळजवळ वाढत नाही, पण रेषांना आडवे मात्र फुगते. स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाच्या तबलीत हे प्रमाण पाण्याच्या प्रत्येक टक्क्याला साधारण ०.१५ टक्के असते. ४० सेंटिमीटर रुंदीच्या तबलीला ७ टक्के पाणी जास्त मिळाले, तर ती मोकळी असताना सुमारे ४ मिलिमीटरने रुंदावेल.

पण ती मोकळी नसते. तिच्या कडा शिसवी बाजूंना चिकटवलेल्या असतात आणि बाजूंच्या लाकडाच्या रेषा कडेने वळत जात असल्याने त्या लांबीला वाढत नाहीत. कडा जागच्या जागी आणि मधला भाग वाढलेला, अशा स्थितीत तबलीला वर उचलण्यावाचून मार्ग राहत नाही. सपाट कमानीसाठी उंचीचा वर्ग हा रुंदी, वाढ आणि तीन-अष्टमांश यांच्या गुणाकाराएवढा असतो. ४०० मिलिमीटर रुंदीत केवळ ०.१ मिलिमीटर वाढ धरली तरी वर्ग १५ येतो आणि उंची जवळजवळ ४ मिलिमीटर! केसाच्या जाडीएवढ्या वाढीतून बोटाला जाणवणारा उंचवटा तयार होतो तो असा. तबलीच्या आतील फुलीच्या आकाराच्या पट्ट्या त्याला बराच आवर घालतात, पण पूर्णपणे थांबवू शकत नाहीत.

भरीला सहा पोलादी तारांचा मिळून सुमारे ७० किलोचा ताण असतो. तो घोडीला पुढे कलंडवू पाहतो, त्यामुळे घोडीची मागची कड सतत उचलली जात असते. पावसाळ्यात सरस नरम पडतो, उन्हाळ्यात तबली आकसते, आणि अशी पन्नास आवर्तने झाली की कागद आत जाण्याइतकी फट पडते. त्या फटीपाशी तारेची ऊर्जा तबलीत नीट उतरत नाही, आणि ओल्या, जड तबलीत जी उतरते तीही लवकर विरते.

थोर कलावंताच्या हातचे सूर लाकडात साठून राहतात, ही समजूत आपल्याकडे आदराने सांगितली जाते आणि तिच्या जोरावर जुन्या वाद्यांच्या किमतीही चढवल्या जातात. लाकडाला अशी स्मृती नसते. २०१२ मध्ये पॅरिसजवळ दहा नामवंत व्हायोलिनवादकांना काळे चष्मे लावून सहा जुनी, इटालियन आणि सहा नवी व्हायोलिने वाजवायला दिली होती, तेव्हा दहापैकी सहा जणांनी नव्याची निवड केली. वाद्याच्या वयाचा मान ठेवावा, पण किंमत त्याची प्रकृती पाहून ठरवावी.

या मार्चमध्ये, दुपारची आर्द्रता ३५ टक्के असताना, तीच गिटार पुन्हा मोजली. पट्टी तबलीवर जवळजवळ सपाट बसली, बाराव्या पडद्यावरची उंची ३.१ मिलिमीटरवर आली आणि खर्जाचा स्वर स्पष्टपणे जास्त वेळ टिकू लागला. कागदाची पट्टी मात्र पूर्वीइतकीच आत गेली. पाण्याने बिघडवलेले हवेने परत केले होते, पण सुटलेला सरस आपोआप चिकटणार नव्हता. मिरजेच्या सतार करणाऱ्या एका कारागिरांनी गरम पात्याने घोडी अलगद सोडवली, जुना सरस खरवडला, नवा लावून ती एक दिवस क्लॅम्पमध्ये दाबून ठेवली. आता कागद आत जात नाही. गिटार पेटीत आर्द्रतामापकाशेजारी असते आणि काटा ४५ ते ५५ च्या बाहेर गेला की स्नेही सिलिका जेलच्या पुड्या बदलतात किंवा काढून घेतात.