रास अल खैमा (जुने नाव जुल्फार)

इराणी आखाताच्या (अरब लोक अरबी आखात म्हणतात) दक्षिण किनाऱ्यावर, होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या थोडं अलीकडे असलेलं जुनं बंदर. आज त्याच नावाच्या अमिरातीची राजधानी, आणि संयुक्त अरब अमिरातीच्या सात अमिरातींपैकी ही सगळ्यात उत्तरेकडची. रास म्हणजे समुद्रात घुसलेलं टोक आणि खैमा म्हणजे तंबू, म्हणून ‘तंबूचं टोक’. तंबू कोणाचा यावर दंतकथा बऱ्याच आहेत, एकीलाही पक्का आधार नाही. मागे हजर पर्वत, पायथ्याशी खजुराच्या बागा, पुढे खाडी, आणि खाडी व समुद्र यांच्यामध्ये वाळूची लांबट पट्टी, तिच्यावर जुनं गाव. किनाऱ्याजवळ पाणी इतकं उथळ की मोठ्या युद्धनौकांना लांबच नांगर टाकावा लागायचा, स्थानिक गलबतं मात्र सरळ आत जायची. पुढचा इतिहास वाचताना हे डोक्यात ठेवलं तर बऱ्याच गोष्टी आपोआप समजतात.

जुल्फार नेमकं कुठे होतं हा प्रश्न उत्खनन होईपर्यंत अवघडच होता, कारण अरब भूगोलकार नाव देतात, जागा सांगत नाहीत. १० व्या शतकातला अल मुकद्दसी ओमानच्या गावांमध्ये जुल्फार मोजतो. इस्लामच्या पहिल्या काळात इराणवर जाणारं सैन्य इथून जहाजात चढलं आणि ९ व्या शतकाच्या शेवटी अब्बासी सैन्य ओमान जिंकायला इथेच उतरलं असं इतिहासकार लिहितात. आता साधारण मान्य झालेलं मत असं की जुल्फार एका जागी राहिलंच नाही. सुरुवातीची वस्ती थोडी आत, कुश नावाच्या टेकाडावर होती, ती इस्लामपूर्व सासानी काळापासून १३ व्या शतकापर्यंत टिकली. तिथली खाडी गाळाने भरत गेली तशी माणसं किनाऱ्याकडे सरकली आणि १४ व्या शतकापासून अल मताफ आणि अल नुदूद इथे नवं गाव वाढलं. अल मताफला एकाच जागी, जुनी पडली की तिच्यावरच नवी, अशा मशिदींचे थर सापडले. चिनी पोर्सेलिनचे तुकडे भरपूर मिळाले, पण मला जास्त महत्त्वाची वाटतात ती जुल्फारी भांडी, म्हणजे जवळच्या डोंगरातल्या वादी हकील आणि शिमल भागात भाजलेली, कधी तांबड्या रंगाने रंगवलेली साधी स्वयंपाकाची मडकी. ती आखातात दूरवर सापडतात, म्हणजे हे बंदर फक्त दुसऱ्यांचा माल उतरवून घेणारं नव्हतं, स्वतःचाही माल पाठवत होतं. मोत्यांचा व्यापार तर होताच. १५ व्या शतकातला मोठा नाविक इब्न माजिद इथलाच. त्याने वास्को द गामाला हिंदुस्थानची वाट दाखवली ही गोष्ट फार पसरलेली आहे, पण आता बहुतेक अभ्यासक ती मानत नाहीत, आणि ते बरोबर वाटतं.

१६ व्या शतकात जुल्फार होर्मुझच्या राज्याच्या, आणि होर्मुझमार्फत पोर्तुगीजांच्या कह्यात होतं. १६३३ मध्ये ओमानचा यारुबी इमाम नासिर बिन मुर्शिद याच्या सैन्याने त्यांना तिथून हाकललं. त्यानंतर जुल्फार हे नाव मागे पडत गेलं आणि दक्षिणेच्या टोकावरचं रास अल खैमा पुढे आलं.

टोळ्या. गावाचं नाव ज्यांच्याशी जोडलं गेलं ते अल कवासिम (एकवचनी कासिमी). आखातातल्या बोलीत काफ या अरबी अक्षराचा उच्चार ज होतो, म्हणून लोक जवासिम म्हणायचे आणि इंग्रजी कागदांत त्याचं ‘जोआस्मी’ झालं. ते मूळचे कुठले यावर एकमत नाही. एक मत त्यांना हुवला मानतं, म्हणजे आखाताच्या दोन्ही किनाऱ्यांवर ये-जा करणारे सुन्नी अरब, ज्यातले बरेच पिढ्यान्पिढ्या इराणी किनाऱ्यावर राहिले. दुसरं मत त्यांना मध्य अरबस्तानातून, नज्दकडून आलेले धरतं, आणि काही जण इराकपर्यंत मागे नेतात. कासिम नावाच्या पूर्वजावरून नाव पडलं ही समजूत सगळीकडे आहे, पण हा कासिम नेमका कोण हे प्रत्येक जण वेगळं सांगतो. दोन्ही किनाऱ्यांवरचे त्यांचे नातेसंबंध पाहता हुवला मताकडे वजन जास्त जातं, तरी वंशावळी नंतर लिहिलेल्या असल्याने त्यावर फार भार टाकू नये. १८ व्या शतकाच्या पूर्वार्धात शेख रहमा बिन मतर इथला प्रमुख दिसतो, तिथून पुढे कागद मिळायला लागतात. १७४७ मध्ये नादिरशाह मेल्यावर इराणी किनारा मोकळा झाला, तेव्हा त्यांनी समोरच्या बाजूला लिंगे बंदरात पाय रोवले आणि ते १८८७ पर्यंत सोडलं नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. कवासिम हे खरं तर एक घराणं, पण त्यांच्या झेंड्याखाली कितीतरी टोळ्या होत्या, जवळच्या जझीरत अल हमरा गावचे झआब, रम्स गावचे तुनैज, डोंगरातले शिहूह कधी सोबत तर कधी विरोधात, आणि ओमानच्या यादवीतून पडलेल्या दोन गटांपैकी हे गाफिरी, तर मस्कतचे सुलतान आणि अबू धाबीचे बनी यास हिनावी. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या कचेरीत मात्र समुद्रात कुठेही जहाज लुटलं गेलं की बहुतेक वेळा नोंद व्हायची ‘जोआस्मी’.

चाचेगिरी. १८०० च्या सुमारास कवासिम वहाबींच्या (नज्दमधला कट्टर धर्मसुधारक पंथ) प्रभावाखाली आले आणि मस्कतशी त्यांचं वैर आणखी वाढलं. मस्कत इंग्रजांचा मित्र, त्यामुळे इंग्रजी झेंड्याची जहाजंही त्यात सापडली. ६ फेब्रुवारी १८०६ ला बंदर अब्बासला कौलनामा झाला (मराठी वाचकाला हा शब्द वेगळा समजवायला नको), त्यात कंपनीच्या झेंड्याचा मान राखायचा आणि मोडला तर ३० हजार डॉलर दंड असं ठरलं. तो टिकला नाही. १८०८ मध्ये मिनर्व्हा जहाज पकडलं गेलं आणि १८०९ मध्ये मुंबईहून मोहीम निघाली, कॅप्टन वेनराइट आणि कर्नल लायनेल स्मिथ यांची. १३ नोव्हेंबरला गाव जाळलं, पन्नासच्या पुढे गलबतं जाळली आणि ते निघून गेले. पुढच्या काही वर्षांत नवी गलबतं उभी राहिली.

दुसरी मोहीम १८१९ ची. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर मुंबई सरकारकडे फौज मोकळी झाली आणि त्याच वर्षी इब्राहिम पाशाने वहाबींची राजधानी दिरिया पाडली, त्यामुळे वेळ साधली गेली. जनरल ग्रँट कीअर आणि कॅप्टन कॉलियर सुमारे ३ हजार माणसं घेऊन निघाले, त्यात गोऱ्या पलटणींबरोबर मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीही होती, आणि त्या काळी मुंबई सैन्यात कोकणातली भरती मोठी असायची. वेढा ३ ते ९ डिसेंबर चालला. जहाजावरच्या २४ पौंडी तोफा उतरवून वाळूत मांडल्या तेव्हा कुठे भिंती पडल्या. मग रम्सजवळ धाया. डोंगराच्या सुळक्यावरचा लहानसा किल्ला, वर ३९८ पुरुष आणि चारशेच्या आसपास बायकामुलं, पाणी नाही, सावली नाही. तोफा पायथ्यापर्यंत ओढत नेल्या आणि मारा सुरू झाल्यावर दोनेक तासांत, २२ डिसेंबरला, किल्ला पडला.

८ जानेवारी १८२० पासून एकेका शेखाने तहावर सह्या केल्या, रास अल खैमाचा हसन बिन रहमा पहिला. तहाने लढाई कशाला म्हणायचं हेच ठरवून टाकलं : सरकारने सरकारविरुद्ध जाहीर केलेली ती लढाई, बाकी सगळी लूट आणि चाचेगिरी. पांढऱ्या चौकटीत लाल झेंडा लावायचा, गलबताची लांबी-रुंदी लिहिलेला दाखला जवळ ठेवायचा, आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसं गुलाम म्हणून पळवून नेणं हीसुद्धा चाचेगिरीच. पुढे १८३५ चा सागरी तह आणि १८५३ चा कायमचा तह यांतून या किनाऱ्याला ‘तहाचा किनारा’ हे नाव मिळालं.

हे लोक चाचे होते का? मुंबई सरकारचा फ्रान्सिस वॉर्डन आणि नंतर आखाताचं गॅझेटियर लिहिणारा लॉरिमर यांनी ते गृहीतच धरलं. शारजाचे शासक सुलतान अल कासिमी यांनी मुंबईच्या दफ्तरातले तेच कागद वाचून १९८६ मध्ये उलट मांडलं, की व्यापार हातात घेण्यासाठी कंपनीने हा आरोप रचला. इतिहासकार चार्ल्स डेव्हिस (१९९७) मधली वाट धरतो, हल्ले झाले पण ते मुख्यतः मस्कतशी चाललेल्या लढाईचा भाग होते, आणि प्रत्येक हल्ला कवासिमांचाच होता असं सिद्ध होत नाही. हे तिसरं मत सगळ्यात सावध आणि पटणारं आहे. कान्होजी आंग्र्यांनाही इंग्रजांनी चाचाच म्हटलं होतं, आणि दस्तक घेतल्याशिवाय आपल्या पाण्यातून जाऊ न देणारा दर्यासारंग आपल्याला कागदांच्या दुसऱ्या बाजूने माहीत आहे. म्हणून ‘चाचे’ हा शब्द कवासिमांना लावताना तो कोणाच्या दफ्तरातून आला हे बघितलंच पाहिजे.

नंतरचा काळ. १८६९ मध्ये रास अल खैमा शारजापासून (तिथेही कवासिमच शासक) वेगळं झालं, १९०० मध्ये परत जोडलं गेलं, १९२१ मध्ये स्वतंत्र म्हणून मान्यता मिळाली. १९३० च्या दशकात जपानी कल्चर मोत्यांनी मोत्यांचा धंदा बसला. ३० नोव्हेंबर १९७१ ला इराणने रास अल खैमाची आखातातली तुंब बेटं घेतली आणि १० फेब्रुवारी १९७२ ला ही अमिरात संयुक्त अरब अमिरातीच्या संघात शेवटची सामील झाली. जझीरत अल हमराचे झआब त्याआधीच अबू धाबीकडे निघून गेले होते. त्यांच्या रिकाम्या गावाच्या पोवळ्याच्या दगडाच्या भिंती अजून उभ्या आहेत.