छिन्नमनस्कता : मेंदू-प्रतिमांकनासाठी कृतींची रचना

छिन्नमनस्कता अर्थात स्किझोफ्रेनिया या आजारात लक्ष, कार्यस्मृती (काम करताना गोष्टी तात्पुरत्या मनात धरून ठेवण्याची क्षमता), नियोजन आणि विचाराचा वेग यांत जे दोष येतात त्यांचे मूळ मेंदूच्या कोणत्या यंत्रणेत आहे हे शोधण्यासाठी रुग्णाला प्रतिमांकन यंत्रात पडल्या पडल्या काही छोटी, मोजता येण्याजोगी कामे दिली जातात. त्यांना प्रतिमांकन-कृती म्हणतात. भास आणि संभ्रम (पक्क्या बसलेल्या खोट्या समजुती) औषधांनी बऱ्याच रुग्णांत आटोक्यात येतात, हे दोष मात्र सहसा हटत नाहीत. आवाज ऐकू येणे थांबलेला तरुण पुन्हा वावरात जाऊ लागतो, पण फवारणीचे प्रमाण, ओलिताची पाळी आणि सोसायटीच्या कर्जाचा हिशेब त्याला एकाच वेळी डोक्यात ठेवता येत नाही. घरचे त्याला आळशी ठरवतात.

सुरुवातीच्या अभ्यासांत कृती नव्हतीच. १९७४ मध्ये इंगवार आणि फ्रान्झेन यांनी स्वस्थ पडलेल्या जुनाट रुग्णांच्या मेंदूतील रक्तप्रवाह मोजला, तेव्हा पुढच्या भागाकडे तो अपेक्षेपेक्षा कमी आढळला. स्वस्थ पडलेला माणूस मनात काय करत असतो हे मात्र कोणाच्याच हातात नसते. म्हणून १९८६ मध्ये वाइनबर्गर व सहकाऱ्यांनी पत्ते वर्गवारीची विस्कॉन्सिन चाचणी (पत्ते कोणत्या नियमाने लावायचे हे बरोबर-चूक या उत्तरांवरूनच ओळखायचे) सुरू असतानाच रक्तप्रवाह मोजला. निरोगी लोकांत कपाळामागील बाह्य-ऊर्ध्व भागात तो जेवढा वाढला तेवढा रुग्णांत वाढला नाही. निष्कर्ष ठळक होता, पण रुग्णांची उत्तरेही अधिक चुकत होती. मेंदू चालला नाही म्हणून उत्तर चुकले, की काम समजले नाही किंवा सोडून दिले म्हणून मेंदू चालला नाही, हे त्या प्रतिमेवरून ठरत नाही. या विषयातील जवळजवळ सगळी पुढची रचना या एका शंकेला उत्तर देण्याच्या खटपटीतून आली आहे.

पहिला मार्ग कामाचा भार पायऱ्यांनी वाढवण्याचा. ‘एन-बॅक’ कृतीत पडद्यावर एकामागून एक खुणा येतात आणि समोरची खूण एक, दोन किंवा तीन घरे मागच्या खुणेशी जुळते का हे सांगायचे असते. हलक्या भाराला रुग्ण निरोगी माणसाइतकेच बरोबर असूनही त्यांचा कपाळामागील भाग कधी कधी अधिक काम करताना दिसतो, आणि भार वाढला की तो लवकर ढेपाळतो. म्हणजे एकाच पायरीवर मोजणी केली तर तीच व्यक्ती एका संशोधकाला ‘कमी सक्रिय’ आणि दुसऱ्याला ‘जास्त सक्रिय’ वाटू शकते.

दुसरा मार्ग अधिक चतुर आहे. चॅपमन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९७३ मध्ये दाखवून दिले की दोन चाचण्यांपैकी जी माणसामाणसांतला फरक अधिक नीट टिपते तिच्यात रुग्ण आपोआप अधिक मागे दिसतात, मग त्या क्षमतेचा खास ऱ्हास झालेला असो वा नसो. यावर उतारा म्हणजे अशी कृती, जिच्यात दोषामुळे एखाद्या ठिकाणी तुलनेने कमी चुका व्हाव्यात. ‘एएक्स-सीपीटी’ या कृतीत पडद्यावर एकामागून एक अक्षरे येतात; ‘ए’नंतर ‘एक्स’ आला तरच ठरलेले बटण दाबायचे असते आणि ही जोडी मुद्दाम वारंवार दिली जाते. आधीचा संदर्भ मनात न टिकणारा माणूस ‘बी’नंतरच्या ‘एक्स’ला फसतो. उलट संदर्भ घट्ट धरणारा माणूस ‘ए’ दिसताच तयारीत राहतो आणि ‘वाय’ आला की अडखळतो. रुग्णांच्या चुका पहिल्या प्रकारात वाढतात, दुसऱ्या प्रकारात त्या प्रमाणात वाढत नाहीत. केवळ कंटाळा किंवा न समजणे यातून असा आकृतिबंध निघत नाही. यंत्रासाठी मात्र दोन खुणांमध्ये पुरेसे अंतर ठेवावे लागते, कारण फंक्शनल एमआरआय मेंदूपेशींचे काम थेट न पाहता रक्तातील प्राणवायूचा बदल टिपतो आणि तो बदल ५-६ सेकंद उशिरा शिगेला पोहोचतो.

ग्रामीण विदर्भात हीच शंका शाळेच्या रूपाने पुन्हा उभी राहते. रोमन अक्षरे, आकडे किंवा छापील शब्दांचे रंग ओळखण्याची स्ट्रूप चाचणी यांत वाचनाची सवय गृहीत धरलेली असते. वाचायला शिकल्याने मेंदूची ठेवणच काही अंशी बदलते. पोर्तुगालमधील निरक्षर स्त्रियांवरील १९९८ च्या अभ्यासात अर्थहीन शब्द नुसते उच्चारतानाही हा फरक दिसला. तेव्हा मेळघाटातील निरक्षर रुग्णाची तुलना नागपूरच्या पदवीधराशी केली तर प्रतिमेत आजारापेक्षा शाळाच अधिक उमटेल. आजारामुळेच शिक्षण अर्धवट सुटते, म्हणून तुलनागट जुळवताना स्वतःच्या ऐवजी आईवडिलांचे शिक्षण पाहण्याची पद्धत आहे. जिथे दोन्ही गटांचे आईवडील शाळेत गेलेलेच नाहीत तिथे हा निकष फारसा कामाचा नाही, आणि त्याच गावातील भावंडे वा शेजारी घेणे अधिक बरे.

एएक्स-सीपीटीचे ठिपक्यांचे रूप इथे उपयोगी पडण्यासारखे आहे, कारण त्यात अक्षरांऐवजी ब्रेलसारख्या ठिपक्यांच्या रचना असतात आणि त्या साक्षर-निरक्षर दोघांनाही नव्याच असतात. चित्रे वापरायची तर कपाशीचे बोंड, संत्रे, बंडी (बैलगाडी) ही ओळखीची घ्यावीत. मात्र निरक्षर व्यक्तींना रेखाचित्रे ओळखायला जड जातात, म्हणून रंगीत छायाचित्रे बरी. सूचना वऱ्हाडी, झाडीबोली, गोंडी किंवा कोरकू यांपैकी घरच्या बोलीत द्याव्यात, आणि यंत्राबाहेर सराव करून ठरावीक अचूकता आल्याशिवाय कोणाला आत नेऊ नये. खर्ऱ्याची (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाची) बाबही नोंदवायलाच हवी. तंबाखूतील निकोटिनाचा लक्षावर आणि रक्तवाहिन्यांवर परिणाम होतो, आणि सवयीच्या माणसाला खर्रा बराच वेळ मिळाला नाही की त्याची चुळबूळ वाढते. डोके जरा हलले तरी प्रतिमा बिघडते. शेवटचा खर्रा कधी खाल्ला हे दोन्ही गटांना विचारावे. गडचिरोलीहून नागपूरला सुमारे १७० किलोमीटर एसटीने आलेल्या माणसाची त्याच दुपारी चाचणी घेणे हाही एक दोषच आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत तर सोबतीला येणारा नातेवाईकही मिळत नाही.

गटांमधील फरक दाखवणाऱ्या कृती एकेका व्यक्तीचे निदान करण्याइतक्या स्थिर नसतात. त्याच माणसाची काही आठवड्यांनी पुन्हा मोजणी केली तर प्रतिमेतील आकडे बरेच बदलू शकतात. त्यामुळे ठिपक्यांच्या कृतीसारखी चाचणी आधी ग्रामीण रुग्णालयात साध्या लॅपटॉपवर घेऊन तिच्या चुकांचा आकृतिबंध तपासणे, आणि तो टिकला तरच यंत्राचा खर्च करणे, हा क्रम या भागासाठी अधिक व्यवहार्य आहे.