इपॉक्सी वाळत नाही

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. सांगलीत दुपारी पारा ३८ अंशांच्या वर गेलेला. दारातलं आंब्याचं झाड पडलं होतं, त्याची एक जाड फळी दोन वर्षं सावलीत सुकवून ठेवली होती आणि तिचा टीपॉय करायचं चाललं होतं. मिस्त्रींनी रंधा मारून, पॉलिश पेपरनं घासून फळी गुळगुळीत करून दिली. वर काचेसारखा इपॉक्सीचा थर द्यायचं काम माझ्याकडे होतं. इपॉक्सी म्हणजे रेझिन आणि हार्डनर हे दोन द्रव कालवले की घट्ट होणारा लेप. मी अर्धा लिटर रेझिन आणि हार्डनर एकाच प्लॅस्टिकच्या मगात कालवलं आणि फोन आला म्हणून आत गेलो. परत आलो तर तो मग हातात धरवेना. वर धूर निघत होता, मगाचा तळ मऊ होऊन वाकला होता आणि आतलं मिश्रण घट्ट दगड झालं होतं.

मिस्त्री म्हणाले, "दादा, ऊन लय हाय. वाळलं बघा लगेच."

पण ते वाळलं नव्हतं. इपॉक्सी वाळतच नाही. हे एकदा नीट कळलं की या कामातले सगळे नियम आपोआप कळतात.

वाळणं म्हणजे काहीतरी उडून जाणं. वॉर्निशमधला थिनर उडतो आणि मागे पातळ पापुद्रा उरतो, म्हणून वॉर्निशचे चार-चार हात द्यावे लागतात. इपॉक्सीतून जवळपास काहीच उडत नाही. जितकं ओतलं तितकंच घट्ट होतं. त्यामुळे हिशेबही सोपा: १ चौरस मीटरवर १ मिलिमीटरचा थर द्यायला १ लिटर मिश्रण लागतं.

मग ते घट्ट कशानं होतं? रेझिनच्या प्रत्येक रेणूच्या टोकांना दोन कार्बन आणि एका ऑक्सिजनचं छोटं त्रिकोणी कडं असतं. कार्बनच्या बंधांना एरवी १०९ अंशांच्या आसपासचा कोन मानवतो. या कड्यात ते ६० अंशांत दाबलेले असतात, ताणलेल्या धनुष्यासारखे. हार्डनरमधल्या अमाइन रेणूवर नायट्रोजनला जोडलेले हायड्रोजन असतात. असा एक हायड्रोजन एक कडं उघडतो आणि तिथे पक्का सांधा जुळतो. ताण सुटला की उष्णता बाहेर पडते. हजारो सांधे जुळत जातात आणि शेवटी सगळा थर मिळून एकच अवाढव्य जाळं होतं. दही लागलं की त्याचं पुन्हा दूध होत नाही, तसं हे जाळं पुन्हा पातळ होत नाही.

आता माझ्या मगाचं काय झालं ते पाहा. जाड गोळ्यातली उष्णता बाहेर पडायला वाट नव्हती. तापमान १० अंशांनी वाढलं की अशा अभिक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, वेग वाढला की आणखी उष्णता निर्माण होते, आणि हे चक्र धूर निघेपर्यंत थांबत नाही. तेच मिश्रण फळीवर पसरलं असतं तर उष्णता पसरून गेली असती. म्हणून थोडं थोडं कालवावं आणि कालवलं की लगेच ओतावं. वरच्या थराचं रेझिन एका वेळी ३ मिलिमीटरपेक्षा जाड ओतू नये. खोल भेगा भरायला वेगळं, सावकाश जुळणारं रेझिन मिळतं.

"हार्डनर जरा जास्त घाला, लवकर होईल" हा सल्ला दुकानात हमखास मिळतो. तो चुकीचा आहे. कडी मोजकी, हायड्रोजनही मोजकेच. जादा हार्डनरला जोडीदारच उरत नाही. तो जाळ्यात तसाच अडकून राहतो आणि पृष्ठभाग कायम चिकट किंवा मऊ राहतो. डब्यावरचं प्रमाण वजनी आहे की मापी, हेही वाचलंच पाहिजे. रेझिनची घनता साधारण १.१५, हार्डनरची १ च्या आसपास. त्यामुळे मापानं २ ला १ असलेलं मिश्रण वजनानं १०० ला ४३ च्या जवळपास भरतं. वजनकाटा घ्या, अंदाजावर जाऊ नका. आणि भांड्याच्या कडा-तळ खरवडत तीन-चार मिनिटं ढवळा. कडेला राहिलेलं कोरं रेझिन कधीच घट्ट होत नाही.

लाकडाची एक वेगळीच गंमत आहे. त्याच्या छिद्रांत हवा असते. लाकूड २५ अंशांवरून ४० वर गेलं की ती हवा सुमारे ५ टक्के फुगते आणि ताज्या थरातून बुडबुडे काढत वर येते. म्हणून आधी एक पातळ हात देऊन छिद्रं बंद करावीत आणि काम संध्याकाळी, लाकूड निवायला लागल्यावर करावं. तेव्हा हवा आकसते आणि रेझिन आत ओढलं जातं. पावसाळ्यात अडचण दुसरी. हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड हार्डनरशी जुळून वर मेणचट साय धरते. ती पॉलिश पेपरनं घासली तर पसरते. आधी साबणाच्या कोमट पाण्यानं धुवायची. थर फक्त वरच्या बाजूला दिला तर फळी खालून ओल पिते आणि वाकते. खालची बाजूही सील करा.

हळदीचा डाग साबणानं लाल होतो, हे प्रत्येक घरात माहीत आहे. ओल्या हळदीच्या कागदाला काडीनं हार्डनर लावून पाहा, तोही लालसर होतो, कारण हार्डनर अल्कधर्मी आहे. कातडीवर त्याचा परिणाम त्याहून वाईट. वारंवार लागला की काहींना कायमची ॲलर्जी जडते, पुढे नुसत्या स्पर्शानं पुरळ उठतं. नायट्राइलचे हातमोजे, खिडक्या उघड्या, घासताना मास्क: यात तडजोड नको.

आणि मर्यादा. उन्हातल्या अतिनील किरणांनी इपॉक्सी पिवळं पडतं, म्हणून अंगणातल्या झोपाळ्यावर त्याच्या वरून अतिनीलरोधक वॉर्निश लागतं. खोलीच्या तापमानाला जुळलेला थर साधारण ५० ते ६० अंशांना मऊ पडू लागतो. उकळत्या चहाचं पातेलं थेट ठेवलं तर वळ उमटतो.

वाद्यांवर मात्र इपॉक्सी वापरू नये असं माझं ठाम मत आहे. शेजारच्या मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे परंपरेनं चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश चालतं. जुना तंबोरा दुरुस्तीला आला की चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून जुन्या थरावरच नवा हात देता येतो. स्पिरिट जुना थर जरासा विरघळवतं आणि दोन्ही एकजीव होतात, कारण चपडा खरोखरच नुसता वाळलेला असतो.