जास्त मेगापिक्सेल म्हणजे चांगला फोटो?

‘जितके मेगापिक्सेल जास्त, तितका फोटो भारी’ असं मोबाइल घेताना हमखास ऐकायला मिळतं. ते अर्धंच खरं आहे.

मेगापिक्सेल म्हणजे फोटोतल्या ठिपक्यांची संख्या, 10 लाखांच्या हिशेबात. 4 बाय 6 इंचांच्या उत्तम प्रिंटला जेमतेम 2 मेगापिक्सेल लागतात, ए-फोर आकाराला साधारण 9. फुल एचडी स्क्रीनवर तर 2च दिसतात. फोटोचा कस ठरतो तो सेन्सरचा (प्रकाश टिपणाऱ्या चिपचा) आकार, लेन्स आणि मिळणारा उजेड यांवर. तेवढ्याच सेन्सरवर ठिपके वाढवले की प्रत्येकाच्या वाट्याला प्रकाश कमी येतो. म्हणून तर 50 मेगापिक्सेलचे बरेचसे फोन चार-चार ठिपके एकत्र करून एरवी साडेबाराचाच फोटो देतात. गॅलरीत फोटोच्या तपशिलात 4080 बाय 3060 असा काहीसा आकडा दिसेल. गुणाकार करून बघा.

पडताळायचं असेल तर संध्याकाळी दिवा लावलेल्या खोलीत एकच फोटो साध्या आणि 50 मेगापिक्सेलच्या मोडमध्ये काढा. मग कोपऱ्यातली सावली मोठी करून बघा. मोठ्या आकड्याच्या फोटोत तिथे बहुधा जास्त रवा, म्हणजे बारीक दाणेदारपणा, दिसेल.

भरपूर उजेडातला फोटो कापून त्यातला छोटा भाग वापरायचा असेल किंवा मोठं पोस्टर छापायचं असेल, तेव्हा मात्र जास्त मेगापिक्सेल खरोखर कामी येतात.