नवी गाडी एका साईडला ओढतेय? कशालाच हात न लावता तशीच घेऊन या

दसरा नाहीतर पाडवा झाला की पुढचे पंधरा दिवस आमच्या व्हील अलाइनमेंटच्या दुकानात एकच फोन. "लिंबू चिरडून गाडी बाहेर काढली त्याला आठवडा नाही झाला, आणि डावीकडं ओढतेय, नव्या गाडीला असं कसं काय?" प्रत्येकाला पंधरा मिनिटं सांगत बसलं की इकडं लिफ्टवरची गाडी तशीच लटकत राहते, म्हणून एकदाचं लिहून काढलंय. कराडच्या दुकानात काउंटरवर पण ठेवलंय, व्हॉट्सॲपवर पण पाठवतो.

सगळ्यात आधी आमची तक्रार. गाडी ओढतेय असं वाटलं की माणूस गप बसत नाही. पंपावर जाऊन हवा कमीजास्त करतो, ओळखीच्या पंक्चरवाल्याकडून पुढचे टायर मागं मागचे पुढं करून घेतो, कुणीतरी मेहुणे सांगतात म्हणून कुठंतरी अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) मारून घेतो, आणि एवढं सगळं झाल्यावर आमच्याकडं येतो. तोवर गाडीत मुळात काय बिघडलेलं ते शोधायची खूणच पुसली गेलेली असते.

मागच्या पावसाळ्यात पाटणकडचे एक सर आले होते, गाडी नऊ दिवसांची. आधी डावीकडं ओढत होती म्हणे, मग टायर फिरवले तर उजवीकडं ओढायला लागली, मग परत फिरवले, मग अलाइनमेंट केली, आणि आता "थोडी डावीकडं, पण कधीकधीच". कुठला टायर मुळात कुठं होता ते सरांनाही आठवेना आणि पंक्चरवाल्यालाही. आम्ही एकेक टायर हलवत चारदा ट्रायल मारली, अख्खी दुपार गेली, तेव्हा कुठं एक टायर खराब निघाला. पहिल्या दिवशी आले असते तर पुढचे दोन टायर एकमेकांच्या जागी टाकले असते आणि अर्ध्या तासात समजलं असतं.

नवा टायर खराब कसा असेल, हा पुढचा प्रश्न ठरलेला. रेडियल टायरच्या आत तारांचे पट्टे असतात, ते बनवताना जरासे एका बाजूला सरकले तर टायर वरून अगदी झकास दिसतो पण चालतो शंकूसारखा. स्टीलचा पेला आडवा करून फरशीवर ढकलून बघा, सरळ जात नाही, गोल फिरतो. तसंच. आता पुढचा डावा उजवीकडं आणि उजवा डावीकडं टाकला आणि गाडी ओढायची साईडच बदलली, तर दोष टायरचा. नाही बदलली तर गाडीत बघायचं. एवढी सोपी टेस्ट आहे, पण ती करताना कुठला टायर कुठून कुठं गेला हे लिहून ठेवावं लागतं, आम्ही खडूनं टायरवरच लिहितो. आणि ज्या टायरवर फिरायची दिशा दाखवणारा बाण आहे तो असा डावा-उजवा करायचा नसतो, हे पण घाईत विसरलं जातं.

हवेचं प्रकरण तर रोजचंच. गाडी कंपनीतून ट्रेलरवर येते, यार्डात उभी राहते, टायर एका जागी दबून बसू नयेत म्हणून हवा जास्त भरलेली असते. डिलिव्हरीच्या आधी ती बरोबर करायची असते, पण सणाच्या घाईत एका दिवसात किती गाड्या बाहेर काढायच्या, दोन टायर बघितले जातात दोन राहतात. कमी हवेच्या बाजूला गाडी ओढते, नव्या गाडीच्या बऱ्याच तक्रारी इथंच संपतात. किती हवा पाहिजे ते ड्रायव्हरच्या दरवाजाजवळच्या खांबावर स्टिकर असतो त्यावर बघा, टायरच्या अंगावर लिहिलेला आकडा बघू नका, तो जास्तीत जास्त किती चालेल त्याचा असतो.

पण तो स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो. तुम्ही सांगलीवरून गाडी हाणत येता, टायर गरम, स्टिकरवर ३३ आहे आणि गेज दाखवतं ३७, मग पंपावरचा पोरगा चार पॉईंट सोडून देतो. सकाळी टायर गार झाल्यावर तिथं २९ असतात. त्यात गाडी एका अंगाला उन्हात उभी असेल तर त्या बाजूचे टायर दोन-तीन पॉईंटनं जास्तच दाखवणार, ते "समान" केले की संध्याकाळी असमान झालेच म्हणून समजा. म्हणून म्हणतो, वाटेत हवा बघू नका. किमान तीन तास उभी असलेली गाडी घरून थेट आणा, दूरचे असाल तर आमच्याकडं लावून ठेवा आणि बाजारातली कामं करून या.

आता "ओढते" म्हणजे नक्की काय ते जरा नीट बघा, कारण दोन वेगळ्या गोष्टींना लोक एकच शब्द वापरतात. गाडी सरळ जाते पण स्टेअरिंग वाकडं दिसतं, कंपनीचा लोगो तिरका, हे ओढणं नव्हे. ते काम वीस-पंचवीस मिनिटांचं, दोन्ही टाय रॉड (स्टेअरिंगकडून पुढच्या चाकांना वळवणारे दांडे) सारखे करून स्टेअरिंग मध्यावर आणायचं. काही गाड्यांत नंतर स्कॅनर लावून स्टेअरिंगचा सेन्सर झिरो करावा लागतो, तो स्कॅनर आमच्याकडं आहे. आणि स्टेअरिंग सरळ, पकड सैल केली की गाडी हळूहळू लेन सोडते, हे खरं ओढणं. बघताना हात सोडून देऊ नका, बोटं टेकवून ठेवा. पाठीमागनं ट्रक असतात.

रस्त्याचं पण बघा. पाणी वाहून जावं म्हणून डांबरी रस्त्याला मीटरमागं दोन-अडीच सेंटीमीटर उतार मुद्दाम देतात. आपण डाव्या बाजूनं चालतो, उतार बहुतेक डावीकडं, त्यामुळं अगदी चांगली गाडी पण हळूहळू डावीकडं जाते आणि त्यात काही दुरुस्त करायचं नसतं. उसाच्या ट्रॉल्यांनी चाकोऱ्या पाडलेल्या रस्त्यावर तर काही विचारूच नका. पण डावीकडं उतार असताना गाडी उजवीकडं जातेय, मग मात्र नक्की काहीतरी आहे, लगेच या.

"आल्या आल्या अलाइनमेंट का करत नाही, पैसे तर देतोय की" असं बरेच जण चिडून म्हणतात. करत नाही कारण बहुतेक छोट्या गाड्यांत पुढचा टो (वरून बघितलं तर चाकं आत-बाहेर किती वळलीत तो कोन) सोडला तर आम्हाला फिरवायला काही दिलेलंच नसतं, कॅम्बर (समोरून बघितलं तर चाक आत-बाहेर किती कललंय) आणि कॅस्टर (बाजूनं बघितलं तर चाक ज्या आसावर वळतं तो पुढं-मागं किती कललाय) कंपनीत बसवलंय तसंच, मागचा ॲक्सल पण फिक्स. आणि टो बिघडला तर टायर खातो, स्टेअरिंग तिरकं होतं, पण नुसत्या टोनं गाडी सहसा ओढत नाही. ओढते ती दोन बाजूंच्या कॅम्बरमध्ये नाहीतर कॅस्टरमध्ये फरक असला की. त्यामुळं तीन दुकानांत तीनदा टो मारून घेतला, मशीनच्या तिन्ही कागदांवर सगळं हिरवं आलं, तरी गाडी ओढतेच, यात नवल नाही. हिरवं म्हणजे मर्यादेत, पण डावं मर्यादेच्या वरच्या टोकाला आणि उजवं खालच्या, तर दोन्ही हिरवे असून मध्ये अर्ध्या डिग्रीचा फरक पडतो आणि तेवढा पुरतो. आम्ही कागदावर तो फरक पेननं गोल करून देतो. मशीन सगळ्यांकडं असतं हो, कागद वाचून सांगणारा पाहिजे.

आणि आता धंद्याच्या विरुद्ध बोलतो. गाडी नवीन आहे तर आधी शोरूमच्या सर्व्हिसला दाखवा. वॉरंटीच्या पुस्तकात अलाइनमेंट बहुतेक वेळा सुरुवातीच्या थोड्या काळापुरतीच धरलेली असते, ते पान आजच वाचा. जॉब कार्डवर "गाडी डावीकडं ओढते, अमुक स्पीडला" असं लिहून घ्या, तोंडी सांगून येऊ नका. बाहेर कुणी टाय रॉडचा नट सैल केला की तिकडं पहिलं वाक्य ऐकायला मिळतं, "तुम्ही बाहेर काम केलंय". म्हणूनच नव्या गाडीला आम्ही आधी फक्त रीडिंग काढतो, एकही नट हलवत नाही, त्याचे २५० रुपये, छापील कागद तुमच्या हातात. तो दाखवून शोरूमशी बोलणं सोपं जातं. टायरचा दोष निघाला तर टायर कंपनीची वॉरंटी वेगळी असते, टायरचा नंबर आणि बनवल्याचा आठवडा आम्ही कागदावर लिहून देतो. नंतर अलाइनमेंट आमच्याकडंच केली तर ते २५० वजा.

ब्रेक मारतानाच ओढत असेल तर तो आमचा विषय नाही, सरळ सर्व्हिस सेंटरला जा आणि उशीर करू नका. गाडी धुतल्यावर किंवा रात्रभर पावसात राहिल्यावर पहिले दोन-तीन ब्रेक तसे लागतात, ते सोडून द्या, डिस्कवरचा गंज असतो. जोरात ॲक्सिलरेटर दाबल्यावरच जरा हलतं, ते पुढच्या चाकांवर चालणाऱ्या ताकदवान गाड्यांत होतं. आणि ज्या गाड्यांत लेन धरून ठेवायची सिस्टीम आहे त्यांनी ती बंद करून एकदा चालवून बघा. महामार्गाचं काम चालू असल्यापासून जुने पट्टे एकीकडं आणि नवे एकीकडं, गाडी बिचारी जुन्या पट्ट्यामागं जाते आणि मालक आमच्याकडं येतो.

येताना डिकीतली पोती घरी ठेवा. गाडीचं पुस्तक, टायरचं बिल असेल तर ते, आणि जो रोज चालवतो तोच माणूस यावा, ट्रायलला आमच्या पोराशेजारी बसून "आत्ता, आत्ता ओढली" असं त्यानं सांगायचं असतं. सगळं धरून पाऊण तास लागतो. सकाळी नऊचा नंबर घेतला तर टायर पण गार आणि रस्ता पण मोकळा, मंगळवारी दुकान बंद असतं, आणि दसऱ्यानंतरच्या आठवड्यात फोन न करता आलात तर चहा मिळेल पण लिफ्ट मिळायची गॅरंटी नाही.