क्रोहन हिल : दलदलीतला विझलेला ज्वालामुखी

आयर्लंडच्या मध्यभागी, ऑफली काउंटीत, क्रोहन हिल ही टेकडी आहे. उंची जेमतेम 234 मीटर. पण भोवती बॉग ऑफ ॲलन ही सपाट दलदल पसरलेली असल्यामुळे ती फार लांबून नजरेत भरते. इतक्या छोट्या टेकडीला एवढ्या कथा चिकटल्या त्या या एकटेपणामुळेच, असं मला वाटतं.

सुमारे 34 कोटी वर्षांपूर्वी इथे उबदार, उथळ समुद्र होता. तळाशी चुनखडी साचत असतानाच ज्वालामुखीतून लाव्हा आणि राख बाहेर पडली. पुढे चुनखडी झिजली, टणक बेसॉल्ट टिकून राहिला. हिमयुगानंतर सखल भागात तळी झाली, ती वनस्पतींनी भरत गेली आणि वर स्फॅग्नम शेवाळ माजलं. पाण्यात प्राणवायू नसल्याने ते पूर्ण कुजलं नाही; थरावर थर चढून त्याचं पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची माती, झालं.

टेकडीचं आयरिश नाव क्रुअखान. ‘क्रुअख’ म्हणजे रास किंवा गवताची गंजी, ‘क्रुअखान’ म्हणजे छोटी गंजी. मेयो काउंटीतला क्रो पॅट्रिक हा 764 मीटर उंचीचा डोंगर आयर्लंडचं मोठं तीर्थक्षेत्र; त्याच्याही नावात हाच ‘क्रुअख’ आहे. क्रोहनचं जुनं नाव त्याहून सुरस आहे : ब्री एले, म्हणजे एलेची टेकडी. एले ही टेकडीच्या पोटात राहणारी रूपवती अप्सरा. तिला मागणी घालायला लोक सावन (Samhain) या जुन्या आयरिश सणाच्या रात्री, म्हणजे नोव्हेंबर लागताना, येत. कारण त्या रात्री अशा टेकड्यांची दारं उघडतात असं मानत. दरवर्षी त्यांच्यातला एक जण मारला जाई आणि मारेकरी कोणालाच दिसत नसे.

2003 मध्ये टेकडीजवळच्या पीटमध्ये खरोखरच मारला गेलेला एक माणूस सापडला. शीर आणि कमरेखालचा भाग नव्हता, पण हात शाबूत होते, नखं नीटनेटकी होती आणि डाव्या दंडावर चामड्याची वेणीदार पट्टी होती. दोन्ही दंडांना भोकं पाडून त्यांतून हेझेलच्या लवचीक काटक्या ओवल्या होत्या. त्याचा काळ इसवी सनपूर्व 362 ते 175 यांच्या दरम्यानचा ठरला. प्राचीन राज्यांच्या सीमेवर राजपदाशी निगडित बळी दिले जात, त्यांतला हा असावा, असं पुरातत्त्वज्ञ ईमन केली यांचं मत आहे. हा देह आता डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.