कोलोस्टोमी बंद करण्याची पूर्वतयारी

पोटावर काढलेले मोठ्या आतड्याचे तोंड (स्टोमा) बंद करून आतडे पुन्हा जोडण्याच्या शस्त्रक्रियेआधीची तयारी. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर साधारण ३ ते ६ महिने, काही वेळा त्याहून अधिक थांबतात. आधी खालच्या आतड्यात (स्टोमाच्या पुढे गुदद्वारापर्यंतच्या भागात) एक्स-रेवर दिसणारे औषध सोडून एक्स-रे काढतात. गळती किंवा अरुंद जागा असेल तर तारीख पुढे जाते. हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन (रक्तातील एक प्रथिन) कमी असल्यास जोड नीट भरत नाही. तंबाखू व मिश्री किमान ४ आठवडे आधी सोडावी लागते.

शेवटचे २-३ दिवस चोथा नसलेले जेवण. नाचणीची भाकरी, उकड्या तांदळाचा भात, फणसाचे गरे, कुळथाची पिठी, ओले खोबरे बंद. पांढरा मऊ भात आणि काटे काढलेला उकडलेला मासा चालतो. आदल्या दिवशी फक्त आरपार दिसणारे पातळ पदार्थ. इथेच घरोघरी चूक होते: पेज पातळ असली तरी निवळ नसते. सोलकढीत नारळाचे दूध असते आणि कोकमाचा लाल रंग रक्तासारखा भासतो, म्हणून दोन्ही नकोत. गाळलेले शहाळ्याचे पाणी, बिनदुधाचा चहा, ओआरएस ठीक. मूत्रपिंडाच्या रुग्णाने शहाळे मात्र विचारूनच घ्यावे, त्यात पोटॅशियम भरपूर असते.

आतडे साफ करणारी पॉलिएथिलिन ग्लायकॉलची पूड (पाकीट बहुधा १३७ ग्रॅमचे) २ लिटर पाण्यात विरघळवून दर १०-१५ मिनिटांनी एक पेला घेतात. गार केले की घशाखाली उतरते. मळमळल्यास अर्धा तास थांबून पुन्हा सावकाश सुरू करावे. पिशवी खालून रिकामी करता येणारी हवी. एक तृतीयांश भरताच रिकामी करावी, नाहीतर वजनाने चिकटपट्टी सुटते. पिशवीत पिवळसर, गाळरहित पाणी आले की वरचे आतडे साफ झाले. पोट फुगले, कळा येऊ लागल्या आणि पिशवीत काहीच येत नसेल, तर पुढचा पेला न घेता डॉक्टरांना कळवावे. अडथळा असू शकतो.

प्यायलेले औषध स्टोमातूनच बाहेर पडते, खालच्या भागापर्यंत पोहोचतच नाही. तिथे शेंबडासारखा चिकट स्राव साचतो, कधी त्याचे घट्ट गोळे होतात. तो भाग एनिमाने, किंवा आतड्याचा वळसा बाहेर काढून केलेल्या दोन तोंडांच्या स्टोमाच्या दुसऱ्या तोंडातून नळीने, धुतात. फ्रेंच शल्यचिकित्सक आंरी हार्टमान यांनी १९२१ मध्ये वर्णिलेल्या पद्धतीत खालचे टोक शिवून आत सोडलेले असते, त्यामुळे तिथे गुदद्वारातूनच एनिमा. हे काम परिचारिकेचे. घरी जोर लावून पाणी सोडू नये.

सफाईसोबत तोंडावाटे प्रतिजैविकेही देतात. नुसत्या सफाईने जंतुसंसर्ग फारसा टळत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेहाची औषधे व इन्सुलिन यांचे वेळापत्रक आधीच लिहून घ्यावे. भूल देण्यापूर्वी ६ तास घन अन्न नाही, निवळ पाणी २ तास आधीपर्यंत.

कोल्हापूर, मुंबई किंवा गोव्याला जाणाऱ्या कोकणातील रुग्णाने आदल्या दिवशीच मुक्कामी पोहोचावे. पूड पिऊन आंबा किंवा करूळ घाट चढणे म्हणजे वळणावळणावर भरणारी पिशवी आणि शौचालयाचा पत्ता नाही. दमट उन्हाळ्यात घामाने पाणी आधीच कमी झालेले असते. चक्कर आली किंवा लघवी गडद, थोडी होऊ लागली तर सलाईन लागू शकते.